रग्बीच्या मॅचआधीचा तो हाका, खेळात त्याचं काय काम?

ठाण्याचा_तुषार:
मंडळी एक प्रश्न आहे. सध्या भाच्यामुळे रग्बीच्या जुन्या मॅचेस बघतोय आणि दर वेळी न्यूझीलंडची मॅच लागली की सुरुवातीला तो हाका, तिथल्या मूळच्या माओरी लोकांचा नाच. काळ्या जर्सीतले पंधरावीस धिप्पाड गडी मांड्या थोपटत, डोळे वटारत, जीभ बाहेर काढून ओरडतात आणि समोरची टीम गपगुमान उभी. बघायला भारी आहे, अंगावर काटा येतो, त्याबद्दल वाद नाहीच. पण हा हक्क एकाच टीमला का? बरं समोरच्याने काही उत्तर दिलं तर त्यालाच दंड! 2011 च्या वर्ल्ड कप फायनलला फ्रान्सवाले बाणाच्या आकारात पुढे चालत आले, मधली रेष ओलांडली, 2500 पौंड दंड. 2019 च्या सेमीफायनलला इंग्लंडने व्ही आकारात उभं राहून घेरल्यासारखं केलं, त्यातले काही जण रेषेच्या पलीकडे गेले, 2000 पौंड. म्हणजे तुम्ही अंगावर येणार आणि आम्ही रांगेत उभं राहून कौतुक करायचं? 2024 मध्ये इंग्लंडच्या जो मार्लरने सरळ लिहिलं की हे बंद करा, लोकांनी त्याला धू धू धुतला. मला तर वाटतं आता हे सगळं टीव्ही आणि स्पॉन्सरसाठीच चालू आहे. खेळ तो खेळ, नाच तो नाच. चिडू नका, खरंच विचारतोय.

हॅमिल्टनची_मीरा:
चिडत नाही हो, पण आधी ते 'एकाच टीमला' खोडते. फिजीचा सिबी आहे, टोंगाचा सिपी टाऊ आहे, सामोआचा सिवा टाऊ आहे, तिघेही मॅचआधी करतात. 2003 च्या वर्ल्ड कपला तर न्यूझीलंडचा हाका संपायच्या आतच टोंगाने आपला सुरू केला होता, दोन्ही टीम एकमेकांसमोर एकदमच ओरडतायत, काय दृश्य होतं!

आणि इथे न्यूझीलंडमध्ये राहून एक कळलं की हाका म्हणजे फक्त लढाईचा नाच नाही. लग्नात करतात, मयताला करतात, शाळेतून शिक्षक निवृत्त झाले की पोरं अंगणात उभी राहून हाका करून निरोप देतात आणि ते सर रडतात. माझी लेक माओरी नाही पण शाळेत कापा हाका (माओरी नाच-गाण्याचा प्रकार) शिकते, त्यात गाणी पण असतात, हातवारे, पाय आपटणं, सगळं रीतसर. ऑल ब्लॅक्स, म्हणजे न्यूझीलंडची रग्बी टीम, जो 'का माते' हाका करतात तो ते रौपाराहा या न्गाती तोआ जमातीच्या सरदाराने 1820 च्या आसपास रचला. शत्रू मागे लागले होते, हा रताळी साठवायच्या खड्ड्यात लपला, वर एक बाई बसून राहिली, शत्रू निघून गेले आणि जिवंत बाहेर आल्यावर याने हे म्हटलं. म्हणजे धमकी कमी आणि 'मेलो मेलो म्हणता वाचलो' हा आनंद जास्त. टीव्हीवर ते कळत नाही कारण कॅमेरा फक्त जिभेवर असतो.

बाबुराव_७३:
टीव्ही स्पॉन्सर वगैरे म्हणताय तर थोडं जुनं सांगतो. 1888-89 ला न्यूझीलंडची नेटिव्ह नावाची टीम, बहुतेक माओरीच, ब्रिटनला खेळायला गेली आणि तिथे हाका केला, तेव्हा कुठला आलाय स्पॉन्सर (तिकीटं विकायला उपयोग झाला असणार हे मात्र नाकारत नाही). 1905 च्या दौऱ्यात कार्डिफला 'का माते' झाला तर वेल्सच्या खेळाडूंनी उत्तर म्हणून आपलं राष्ट्रगीत म्हणायला सुरुवात केली आणि स्टेडियममधल्या पब्लिकने ते उचललं. मॅचआधी राष्ट्रगीत म्हणायची जी पद्धत आज सगळीकडे आहे तिची सुरुवात लोक तिथून सांगतात. मॅच पण वेल्सने 3-0 जिंकली.

पण खरी गंमत मधल्या काळात आहे. 1973 ची बार्बेरियन्स या निमंत्रितांच्या टीमविरुद्धची मॅच काढून बघा, यूट्यूबवर आहे. निम्म्यांना हात कुठे न्यायचा माहीत नाही, कोणी आधी उडी मारतोय कोणी नंतर, अक्षरशः गॅदरिंगला मागच्या रांगेत उभी केलेली पोरं. आणि हे सगळं परदेश दौऱ्यावरच, घरच्या मैदानावर जवळजवळ करायचेच नाहीत. बदललं ते 1987 ला. टीममधला बक शेलफोर्ड स्वतः माओरी, त्याचं म्हणणं एवढंच की करायचा तर नीट शिकून करा नाहीतर करूच नका. मग जाणकार माओरी लोकांकडून टीम शिकली, आणि त्या वर्षीच्या पहिल्या वर्ल्ड कपपासून घरीही सुरू झाला. म्हणून मला तुमचा 'खेळ तो खेळ, नाच तो नाच' हा मुद्दा पटत नाही. नुसता दिखावा होता तेव्हा तो खरंच वेगळा नाचच होता, उगाच डकवलेला. गोरे खेळाडू पण अर्थ समजून, घाम गाळून शिकायला लागले तेव्हापासून तो खेळाचा झाला.

तालमीतला_गडी:
मी तुषारच्या बाजूने, पण अर्धाच. हाका राहू दे, दंड काढा.

आमच्याकडे कुस्तीच्या मैदानात हलगी कडाडली की पैलवान शड्डू ठोकतो. समोरचा काय हाताची घडी घालून बघत बसतो का, तो पण ठोकतो, तेव्हा कुठे पब्लिक जागेवर उठून उभं राहतं. थाई बॉक्सिंगमध्ये लढतीआधी गुरूला वंदन म्हणून नाचतात तेही दोघं. आव्हान दिलं की उत्तर हे आलंच पाहिजे, नाहीतर आव्हान कसलं ते. 1989 ला डब्लिनमध्ये आयर्लंडचा विली अँडरसन पोरांना हातात हात गुंफून पुढे घेऊन गेला, थेट शेलफोर्डच्या नाकाला नाक. हरले 23-6, पण लोक आजही ती मॅच त्याच्यासाठी काढतात. 2008 ला वेल्सवाले हाका संपला तरी हललेच नाहीत, न्यूझीलंडवाले पण नाही, मिनिटभर नुसते एकमेकांकडे बघतायत आणि रेफरी विनवण्या करतोय. हे पण हरले, 29-9. 2007 ला फ्रान्स तोंडासमोर उभा राहिला आणि 20-18 ने जिंकला, 2019 ला इंग्लंड 19-7. म्हणजे फायदा तोटा कोणाला होतो यावर डोकं फोडण्यात अर्थ नाही, मारामारी झाली नाही ना, मग रेष कशाला मोजता राव. अपमानच म्हणायचा तर ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड कॅम्पीसीसारखं हाका चालू असताना तिकडे पाठ करून बॉल लाथाडत बसणं, त्याला कोणी दंड करत नाही!

पुणेरी_पाटी:
2500 पौंड म्हणजे फायनल खेळणाऱ्या टीमसाठी पार्किंगची पावती आहे, एवढं काय मनाला लावून घेता.

ठाण्याचा_तुषार:
बाबुराव, 1973 ची बघितली, हसून हसून पुरेवाट 😂 मीराताई, ते रताळ्याचं मला अजिबात माहीत नव्हतं. दंडाबद्दल गड्याशी सहमत. पण मग एक सांगा, आपल्या कबड्डीआधी लेझीम का नको? शाळेत पीटीच्या तासाला सगळ्यांनीच केलंय.

बाबुराव_७३:
करा की, पण खेळाडूंनी स्वतः केलं पाहिजे. भाड्याचं पथक आणून दोन मिनिटं ढोल बडवले तर ते चीअरलीडरच झालं. आणि लेझीम तसं व्यायामातच मुरलेलं आहे, त्यात आव्हान नाही, समोरच्याला काही सांगणं नाही. कबड्डीत मला विचाराल तर रेडरचं मांडी थोपटणं हेच पुरेसं आहे.

हॅमिल्टनची_मीरा:
आणि ज्यांचं आहे त्यांना विचारा हो! इथे त्यावरून बरंच झालंय. 2006 मध्ये इटलीत फियाटच्या जाहिरातीत बायका हाका करताना दाखवल्या तेव्हा इथे जाम आरडाओरडा झाला. न्गाती तोआचे लोक कित्येक वर्षं भांडत होते, शेवटी 2014 ला 'का माते'साठी वेगळा कायदाच झाला, व्यावसायिक कामाला वापरलात तर ते रौपाराहाचं नाव द्यायचं. पैसे नाही मिळत त्यांना, नाव मिळतं. ऑल ब्लॅक्सनी 2005 पासून 'कापा ओ पांगो' हा दुसरा हाका आणला, डेरेक लार्डेलींनी खास टीमसाठी रचलेला, त्यातल्या गळ्यावरून हात फिरवण्यावर पण किती गदारोळ. शिवाय 2024 च्या नोव्हेंबरमध्ये ऑल ब्लॅक्सच्या टीजे पेरेनाराने इटलीविरुद्धच्या मॅचला हाकाआधी माओरींच्या ब्रिटिशांशी झालेल्या जुन्या करारावरून चार शब्द जोडले, तेव्हा इथे संसदेत त्याच करारावरून भांडण पेटलेलं होतं. मग लगेच 'खेळात राजकारण नको' सुरू. नाच हवा पण नाचणाऱ्याचं म्हणणं नको, हे मला तरी जमत नाही.

आणि तुषार, टीव्हीसाठी म्हणता ना, 2006 ला कार्डिफमध्ये वेल्सच्या बोर्डाने अट घातली की हाकानंतर आमचं राष्ट्रगीत होणार, तर टीमने मैदानावर केलाच नाही, ड्रेसिंग रूममध्ये दार लावून केला आणि मग खेळायला आले.

तालमीतला_गडी:
मीराताई तो व्हिडिओ मी पाहिलाय, त्या ड्रेसिंग रूममध्ये पण कॅमेरा होता 😀