मदत हवी आहे: मुलगी कानाचं मशीन ठेवतच नाही

सायली_बार्शी
मुलगी कानाचं मशीन अजिबात ठेवत नाही. घातलं की ओढून काढते, तोंडात घालते, काल वरणाच्या वाटीत टाकलं. त्यात सारखी शिट्टी वाजते. सासूबाई म्हणतात, पोरीला त्रास होतोय तर राहू दे, मोठी झाली की बघू. थेरपीच्या मॅडम म्हणतात, जागी असेल तेवढा वेळ घातलंच पाहिजे. पण कसं? ज्यांच्या मुलांनी ठेवलं त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. लवकर सांगा, रोज रडारड चालू आहे.

निखिल_क
वय काय? बेरा (आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी तपासणी) झाली का? किती डेसिबल? मशीन एका कानाला की दोन्ही? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

उषाताई
माझा भाचा चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, आज वकील आहे. धीर धर गं. मशीनमुळे कान आळशी होतात.

निखिल_क
उषाताई, कृपया असं लिहू नका, मशीनमुळे कान आळशी होत नाहीत. उशिरा बोलणं वेगळं आणि ऐकूच न येणं वेगळं. पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार सुरू, असं जगभर सांगतात ते उगाच नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत मेंदूला आवाज मिळाला नाही तर ती कसर पुढे भरून काढणं फार अवघड जातं.

सायली_बार्शी
१४ महिन्यांची आहे. बेरा झालीय, म्हणून तर मशीन दिलंय ना. दोन्ही कानांना आहे. ९० डेसिबलच्या मोठ्या आवाजाला पण काही आलं नाही. माझा प्रश्न मशीन ठेवण्याचा आहे.

रणजित_दे
९० ला नाही म्हणजे मशीनवर वेळ घालवू नका, कॉकलिअर इम्प्लांटच्या (ऑपरेशन करून कानात आत बसवायचं यंत्र) मागे लागा. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेत त्यासाठी मदत मिळते, पण मूल पाच वर्षांच्या आत हवं. मुंबईत वांद्र्याची 'अली यावर जंग' ही वाचा-श्रवण संस्था हे काम बघते. माझ्या मुलाचं दीड वर्षाचा असताना झालं. आता मागच्या खोलीतून हाक मारली तरी 'ओ' देतो.

मीनल_ऑडिओ
रणजितदादा, तुमच्या मुलाचं ऐकून बरं वाटलं, पण एका बेरावर इम्प्लांट ठरत नाही. बेराच्या क्लिकमधून मुख्यतः २ ते ४ किलोहर्ट्झचा, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजांचा, अंदाज येतो. खालच्या पट्टीत काही ऐकू येत असेल तर ते एएसएसआरमध्ये (प्रत्येक पट्टीचं ऐकणं वेगळं मोजणारी तपासणी) कळतं. आणि इम्प्लांटआधी मशीन लावून बघतातच.
सायली, मोल्ड (मशीनचा कानात बसणारा साचा) कधीचे आहेत? ओएई (आतला कान आवाजाला प्रतिसाद देतो का ते बघणारी तपासणी) झाली होती का?

प्रभाकर काका
आमच्या वडिलांच्या मशीनलाही शिट्टी येते. वय ८२. बॅटरीही चार दिवसांत संपते. कुठली घ्यावी?

निखिल_क
काका, वेगळा धागा काढा ना. बॅटरीचा स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्या, मग बसवा. रात्री झाकण उघडं ठेवा.

सायली_बार्शी
मोल्ड मशीनबरोबरच दिले होते, सात महिन्यांची होती तेव्हा. ओएई बघते, फाईल माहेरी आहे.

मीनल_ऑडिओ
मग शिट्टीचं कारण तेच. कान वाढला, मोल्ड सैल झाले. कडेने आवाज निसटतो आणि परत माइकमध्ये शिरतो. या वयात दर दोन-तीन महिन्यांनी मोल्ड बदलावे लागतात. मऊ सिलिकॉनचे मागा.
आणि तोंडात घालते म्हणालात, तर आजच बघा: बॅटरीच्या झाकणाला मुलांचं लॉक आहे का? गिळली तर थांबायचं नाही, सरळ दवाखाना.

गौरी_लातूर
माझ्या लेकानेही असंच केलं. मशीनची दोरी फ्रॉकला मागच्या बाजूने क्लिपने अडकवा, वर पातळ सुती कानटोपी. जेवताना नको, तेव्हा हात मोकळे असतात. खेळताना घाला आणि लगेच ताटलीवर पळी वाजवा, आवाज आला की दोघी मिळून नाचा. काढलं तर रागवायचं नाही, थोड्या वेळाने परत घालायचं. रोज सकाळी तोंड झाकून आ, ऊ, ई, श, स, म म्हणा आणि कशाकशाला वळते ते वहीत लिहा.

तेजस_व
मी जन्मतः बहिरा आहे. मशीन चालू होईपर्यंत या पोरीशी कोण काय बोलतंय? दूध, आजी, झोप, अजून, नको, एवढ्या खुणा तरी आजपासून करा. भारतीय सांकेतिक भाषेचा कोश ऑनलाइन आहे, फुकट बघता येतो.

रणजित_दे
खुणा शिकवल्या की मूल बोलायचा कंटाळा करतं. आम्हाला तरी हेच सांगितलं होतं.

तेजस_व
मला शाळेत हात मांडीखाली ठेवायला लावायचे. बोलणं थोडंच आलं, भाषा मात्र उशिरा आली. खुणांनी बोलणं अडत नाही. भाषेशिवाय गेलेली वर्षं मात्र परत मिळत नाहीत, दादा.

सायली_बार्शी
शनिवारी मोल्डसाठी सोलापूरला जातोय. भावाने फाईलचा फोटो पाठवला. ओएई दोन्ही कान पास लिहिलंय. मग बेरा चुकीची आहे का?

मीनल_ऑडिओ
तारीख काय आहे? जन्मानंतर काचेत ठेवलं होतं? कावीळ?

सायली_बार्शी
बेराच्याच दिवशीची आहे. कावीळ होती, रक्त बदललं होतं. ते पण सांगायचं असतं का?

मीनल_ऑडिओ
हो, ते सगळ्यात आधी, एवढ्या काविळीने ऐकण्याच्या नसेला इजा होऊ शकते. ओएई पास आणि बेरा कोरी, म्हणजे कान आवाज घेतोय पण नस तो नीट पोचवत नाही, असं असू शकतं. अशा मुलांना किती ऐकू येतं ते बेरावरून ठरवता येत नाही, आवाज करून ती कशी वळते ते बघूनच ठरवतात. मशीन ९० च्या हिशोबाने लावलं असेल तर तिला आवाज फार मोठा वाटत असेल, म्हणूनही ओढत असेल. शनिवारी दोन्ही कागद आणि काविळीचे रिपोर्ट घेऊन जा, गौरीताईंनी सांगितलेली वहीही न्या. मशीनचा आवाज पुन्हा तपासून घ्या. तोपर्यंत जबरदस्तीने घालू नका. तेजसनी सांगितलेल्या खुणा आजच सुरू करा.