नानांच्या सहस्रचंद्रदर्शनासाठी 'करंज' पाणबुडीची प्रतिकृती करायची आहे, मार्गदर्शन हवे

कृष्णाकाठ (सांगली)

नमस्कार. माझ्या वडिलांचे थोरले काका, ज्यांना घरात आम्ही सगळे नाना म्हणतो, नौदलात होते आणि १९७३ पासून सात वर्षे त्यांनी 'करंज' पाणबुडीवर इंजिन विभागात काम केले. येत्या डिसेंबरात त्यांचे सहस्रचंद्रदर्शन आहे. शाल, श्रीफळ आणि चांदीचे भांडे तर होईलच. पण माझ्या मनात त्यांना त्यांच्या पाणबुडीची प्रमाणबद्ध प्रतिकृती स्वतःच्या हाताने करून द्यायची आहे.

यामागे एक कारण आहे. २०१९ च्या महापुरात गावभागातल्या आमच्या घरात पाणी शिरले तेव्हा नानांची नौदलातली ट्रंक खालच्या खोलीतच राहिली. पाणी ओसरल्यावर अल्बम उघडला, तर फोटो एकमेकांना चिकटून गेले होते आणि सोडवताना चेहरे निघून येत होते. एका फोटोत पेरिस्कोपचे टोक आणि कुणाचा तरी टोपी धरलेला हात एवढेच उरले आहे. तो तुकडा नाना अजूनही पाकिटात ठेवतात.

मी शाळेत चित्रकला शिकवतो, त्यामुळे कापणे, चिकटवणे, रंगवणे हाताला सवयीचे आहे. पाणबुडी मात्र कधी जवळून पाहिलेली नाही. इंटरनेटवर 'करंज'चे बरेच फोटो मिळाले. क्रमांक एस २३ आणि लांबी साडेसदुसष्ट मीटर अशी माहिती सापडली, आणि त्यावरून मी आराखडा काढायला घेतला आहे. घरातल्या काचेच्या कपाटात अडीच फुटांपर्यंत वस्तू मावते. कोणते प्रमाण धरावे, साहित्य काय वापरावे, आणि नानांना आधी विचारावे की नाही, याबद्दल जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना पाणबुडीकर (सातारा)

आपला विचार फार आवडला. आराखडा मात्र ताबडतोब थांबवावा, कारण आपण पाहत असलेली 'करंज' ही नानांची 'करंज' नव्हे.

नौदलात निवृत्त झालेल्या नौकेचे नाव पुढे नव्या नौकेला देण्याची प्रथा आहे. आपल्याला मिळालेले फोटो मार्च २०२१ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झालेल्या स्कॉर्पिन जातीच्या पाणबुडीचे आहेत. नानांची 'करंज' सोव्हिएत बनावटीची, फॉक्सट्रॉट जातीची होती. ती १९६९ मध्ये दाखल झाली आणि २००३ मध्ये निवृत्त झाली. क्रमांकांचा घोळ तर नावांपेक्षा मोठा आहे. जुन्या 'करंज'चा क्रमांक एस २१ होता आणि एस २३ हा जुन्या 'कलवरी'चा होता, तर आता नवी 'कलवरी' एस २१ आहे आणि नवी 'करंज' एस २३. त्यामुळे क्रमांक टाकून शोधले तरी माणूस चुकीच्या पाणबुडीपाशी पोहोचतो.

दोन्ही पाणबुड्या दिसायलाही अगदी वेगळ्या आहेत. नवी आखूड आणि गुळगुळीत आहे, तिला मागे एकच पंखा (प्रोपेलर) आहे आणि तिचे पुढचे आडवे पर, म्हणजे वर-खाली जाण्यासाठीचे पंख, वरच्या मनोऱ्याला लावलेले आहेत. फॉक्सट्रॉट ९१.३ मीटर लांब आणि साडेसात मीटर रुंद असून तिचे पुढचे पर नाकाजवळ अंगात मिटतात. तिच्या मागे तीन पंखे शेजारी शेजारी आहेत आणि पाठीवर चालण्यासाठी लांबच लांब सपाट डेक आहे. डेकच्या कडेखाली पाणी आत-बाहेर जाण्यासाठी फटींची रांग असते. ती रांग नसेल, तर त्या पाणबुडीवर राहिलेल्या माणसाला प्रतिकृती पाहताक्षणी परकी वाटेल.

सुदैवाने याच जातीची, 'करंज'ची सख्खी बहीण म्हणावी अशी 'कुरसुरा' विशाखापट्टणमच्या आर. के. बीचवर २००२ पासून संग्रहालय म्हणून उभी आहे. ती जमिनीवर असल्यामुळे एरवी पाण्याखाली राहणारा भागही दिसतो आणि आतूनही एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाता येते. जाणे शक्य नसेल, तर पर्यटकांनी काढलेले तिचे शेकडो फोटो पाहावेत. आकारासाठी त्यांच्याइतका भरवशाचा आधार नाही. रंगाच्या छटेसाठी मात्र त्या फोटोंवर विसंबू नये, कारण संग्रहालयातला रंग समुद्राच्या वाऱ्यात टिकावा म्हणून पुन्हा पुन्हा दिला जातो.

मी स्वतः याच घराण्यातल्या 'वागली'वर होतो, म्हणून एक विनंती करतो. नाना इंजिन विभागात होते असे आपण लिहिले आहे. फॉक्सट्रॉटमध्ये एकूण सात कप्पे असतात: पहिल्यात पुढचे टॉर्पेडो, दुसऱ्या आणि चौथ्यात राहण्याची जागा व खाली बॅटऱ्या, तिसऱ्यात नियंत्रण कक्ष, पाचव्यात तीन डिझेल इंजिने, सहाव्यात विजेच्या मोटारी आणि सातव्यात मागचे टॉर्पेडो. आमच्यात माणसाची ओळखच कप्प्यावरून असे. प्रतिकृतीबद्दल त्यांना काही सांगू नये, पण एखाद्या संध्याकाळी चहा घेताना "नाना, तुमची ड्युटी कितव्या कंपार्टमेंटमध्ये असायची?" एवढे सहज विचारावे. पुढचे ते स्वतःच सांगतील.

विश्रामबागकर (सांगली)

वरील माहिती वाचून हिशेब केला, आणि तो इतका जमला की लगेच लिहायला बसलो. बाजारात पीव्हीसी पाइप बाहेरच्या व्यासावर मिळतात: ५० मिलिमीटर, ६३, ७५, ९० असे. साडेसात मीटर रुंदी १:१२० या प्रमाणात साडेबासष्ट मिलिमीटर होते, म्हणजे ६३ चा पाइप जवळपास तंतोतंत बसतो. लांबी होते ७६ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. कपाटाची आतली मोजणी मात्र पुन्हा करून घ्यावी, कारण पंखे आणि सुकाणू धरून हाताला थोडी जागा लागेल. ७५ चा पाइप घेऊन १:१०० केले असते तर गणित सोपे झाले असते, पण लांबी ९१ सेंटिमीटरवर गेली असती.

पाइपच्या दुकानात तीन मीटरचा नग घ्यायला लावतात. त्याऐवजी ओळखीच्या प्लंबरकडे उरलेला तुकडा मागावा. तुकडा सपाट फरशीवर ठेवून लोळवून पाहावा. उन्हात पडलेले पाइप वाकलेले किंवा किंचित चपटे झालेले असतात, आणि तो दोष रंग दिल्यावर जास्तच उठून दिसतो.

पाइप फक्त मधल्या सरळ भागासाठी आहे. पाठीवरच्या डेकसाठी तीन मिलिमीटरचा फोम शीट चांगला. तो कटरने कापता येतो आणि पॉलिश पेपरने त्याची कड गोल करता येते. मनोरा त्याच शीटचे थर एकावर एक चिकटवून करावा आणि कानशीने आकार द्यावा. पेरिस्कोपसाठी इंजेक्शनच्या सुया वापरल्या, तर जाडसर आणि बारीक अशा दोन सुयांचे तुकडे एकात एक घालून ते वर-खाली करता येतात. फटींची रांग पाइपमध्ये कोरायला जाऊ नये. एक मिलिमीटरच्या ड्रिलने डेकच्या कडेखाली जवळजवळ भोके पाडून प्रत्येक जोडी कटरच्या टोकाने एक करावी. हे काम कंटाळवाणे आहे, एका बाजूला दोन संध्याकाळी सहज जातील, पण ते घाईने करू नये.

रंगाबद्दल माझी चूक सांगतो, म्हणजे ती आपल्याकडून होणार नाही. मागे मी पाइपवरच एक जहाज केले होते आणि पाइप गुळगुळीत दिसतो म्हणून थेट स्प्रे मारला. महिनाभराने काच पुसताना बोट लागले आणि रंगाचा पापुद्रा कांद्याच्या सालीसारखा निघून आला. पाइपला आधी २४० चा पेपर मारून सगळी चमक घालवावी, स्पिरिटने पुसावे, मग प्रायमर द्यावा, त्यावर ४०० चा ओला पेपर फिरवावा आणि नंतरच काळा रंग पातळ हाताने तीन-चार वेळा द्यावा. काळा घ्यायचा तो मॅट. चकचकीत काळ्यात लांबीचा (पुट्टीचा) प्रत्येक खड्डा दिसतो. नाक आणि शेपूट एम-सीलने थर देत घडवता येईल.

तंबोरा (मिरज)

विश्रामबागकरांचे बाकीचे सगळे मान्य, पण नाक आणि शेपूट नुसत्या एम-सीलचे करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. शेपटीचा निमुळता भाग लांब आहे, तेवढा गोळा जड होईल, वाळताना बसेल आणि दोन्ही बाजू सारख्या ठेवणे अवघड जाईल. ही दोन्ही टोके लाकडाचीच करावीत.

आमच्या घरी तीन पिढ्या सतार-तंबोऱ्याचे काम आहे, त्यामुळे गोलाई पाहण्याची डोळ्याला सवय आहे. तंबोऱ्यासाठी वापरतात ते तून लाकूड हलके असते आणि पटाशीखाली गोडीने निघते. मिरजेत वाद्यांच्या कारखान्यांत त्याचे तुकडे पडलेले असतात. कशासाठी हवे हे सांगून मागितले, तर कुणी नाही म्हणणार नाही. लाकडाला आधी वरून आणि बाजूने असे दोन्ही आराखडे कार्बनने उतरवावेत, करवतीने दोन्ही बाजूंचे जादा लाकूड काढावे आणि मगच कोपरे मोडायला घ्यावेत. शेपूट लेथवर करून आणण्याचा मोह होईल, पण फॉक्सट्रॉटची शेपूट फोटोत पाहिली तर ती गाजरासारखी गोल नाही, वरून सपाट आणि खालून वेगळी उतरते. ती हातानेच व्हायला हवी.

टोकाच्या मागे साधारण चार सेंटिमीटर लांबीचा दट्ट्या ठेवून तो पाइपच्या आत घट्ट बसेल एवढा घासावा. आता महत्त्वाचे. लाकूड पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, पाइप त्याच्याबरोबर हलत नाही, म्हणून जोडावर पुढच्या वर्षी बारीक चीर येते. हे टाळायचे तर लाकडाला सगळीकडून, दट्ट्यासह, लाखेच्या पॉलिशचे दोन हात देऊन ते आधी बंद करावे आणि मग जोडावर लांबी भरावी. तंबोरा टिकतो तो आतल्या अशाच न दिसणाऱ्या कामामुळे. तसेच आज श्रावणातल्या हवेत जोड पक्का करू नये. आकार देऊन तुकडे ठेवून द्यावेत आणि दसऱ्यानंतर कोरड्या हवेत चिकटवावेत. डिसेंबरपर्यंत वेळ पुरेसा आहे.

कृष्णाकाठ (सांगली)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. जुना आराखडा फाडून टाकला. पाइप मिळाला, मिरजेहून तून लाकडाचे दोन तुकडेही आणले. कारखान्यातल्या काकांनी पैसे घेतले नाहीत आणि लाकडाच्या रेषा कोणत्या बाजूने घ्याव्यात तेही खडूने आखून दिले.

रविवारी नानांना कप्प्याबद्दल विचारले. त्यांनी हातातला कप खाली ठेवला आणि "पाचवा," एवढेच म्हणाले. मग जेवणाच्या ताटावर वाटी, फुलपात्र आणि डबीचे झाकण ओळीने मांडून तीन इंजिने दाखवली, त्यांच्या मधून जाताना खांदे कसे तिरके करावे लागत तेही उठून करून दाखवले. इंजिने चालू असताना बोलणे ऐकू येत नसे, सगळे हातवाऱ्यांवर चाले, आणि तेलाचा वास घरी सुट्टीवर आल्यावरही कपड्यांतून जात नसे. ऐंशीव्या वर्षी ते त्या तीन भांड्यांमधून आडवे होऊन सरकत होते तेव्हा आजी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून पाहत होती.

त्यामुळे आता वाटते की एका बाजूने पाइप कापून आतले सातही कप्पे दाखवावेत. हे करावे का, आणि आतली यंत्रे किती दाखवावीत?

जुना पाणबुडीकर (सातारा)

सातही कप्पे उघडू नयेत. आतल्या प्रत्येक वस्तूची आपल्याला खात्रीची माहिती मिळणार नाही, जागा भरायला अंदाजाने काहीतरी बसवावे लागेल, आणि नानांची नजर नेमकी त्यावरच जाईल. बाहेरचे अंगही त्यामुळे कमजोर होईल.

फक्त पाचव्या कप्प्याची खिडकी करावी. डाव्या बाजूला पाइपचा तेवढाच चौकोन कापून आत ताटावर दाखवली तशीच तीन इंजिने लांबीच्या दिशेने शेजारी शेजारी बसवावीत, मधून वाटा ठेवाव्यात आणि दोन्ही टोकांच्या आडभिंतींत गोल दार दाखवावे. १:१२० मध्ये माणूस १४ मिलिमीटरचा होतो. तसा एक त्या वाटेवर खांदा तिरका करून उभा करावा. खिडकीवर पारदर्शक अॅक्रिलिकची पट्टी बसवली म्हणजे धूळ जाणार नाही. कापण्यापूर्वी आतून लाकडाचे एक गोल कडे चिकटवून घ्यावे, नाहीतर कापलेल्या जागी पाइप उघडतो.

पाण्याची रेषा काढणार असाल, तर या पाणबुडीचे पाण्यातले बूड सुमारे सहा मीटर असे, म्हणजे तळापासून पाच सेंटिमीटरवर ती येईल. मनोऱ्यावर क्रमांक नुसत्या अंदाजाने रंगवू नये. तो लाकडी बैठकीवरच्या पितळी पट्टीवर कोरावा: 'करंज', एस २१, १९६९–२००३. आणि बैठकीचे दोन आधार दुसऱ्या आणि सहाव्या कप्प्याखाली घ्यावेत, म्हणजे पाचवा मोकळा राहील.

कृष्णाकाठ (सांगली)

तसेच करतो. आज संध्याकाळी पाइपवर सातही कप्प्यांच्या खुणा पेन्सिलने केल्या आहेत आणि पाचव्याची चौकट आखून ठेवली आहे. कडे चिकटवून झाले की कापायला घेईन.

तंबोरा (मिरज)

कडे सुकायला पूर्ण दोन दिवस द्यावेत. लाखेचे पॉलिश उरले आहे, हवे असल्यास येऊन घेऊन जावे.