कण्याच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीला वेदनाशामक गोळ्या किती दिवस द्याव्यात?

प्रश्न (मनीषनगर, नागपूर): माझ्या 14 वर्षांच्या मुलीवर 9 दिवसांपूर्वी स्कोलिओसिसची (कणा बाजूला वाकण्याच्या विकाराची) शस्त्रक्रिया होऊन कण्यात स्क्रू आणि रॉड बसवले आहेत. दिवसा ती चालते-फिरते, पण पहाटे तीनच्या सुमारास कूस बदलताना कळवळून उठते. पॅरासिटामॉल दर सहा तासांनी आणि ट्रॅमाडॉल (जास्त तीव्र वेदनाशामक) गरज पडल्यास, असे लिहून दिले आहे. सवय लागेल म्हणून सासूबाई गोळ्यांना विरोध करतात आणि खरे सांगायचे तर रात्रीची गोळी मीही टाळते.

उत्तर 1: मी भूलतज्ज्ञ आहे. पॅरासिटामॉलचा परिणाम चार ते सहा तासच टिकत असल्याने, रात्रीची गोळी चुकली की पहाटे कळा येणारच. शिवाय एकदा भडकलेले दुखणे आटोक्यात आणायला औषध जास्त लागते. पॅरासिटामॉलची सवय लागत नाही. सवय लागू शकते ती ट्रॅमाडॉलची, म्हणून सर्जनच्या सल्ल्याने आधी तेच कमी करत न्यावे. मात्र ट्रॅमाडॉलच्या अनेक गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच मिसळलेले असते, तेव्हा पॅरासिटामॉलचा डोस जास्त होऊ नये म्हणून स्ट्रिप नीट वाचा. आयबुप्रोफेन मनाने सुरू करू नका, कारण हाड जुळून येण्याच्या काळात काही सर्जन ते टाळतात. मुलगी हाक मारूनही नीट जागी होत नसेल, ताप आला, जखमेतून स्राव आला, पायातली शक्ती कमी झाली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठा.

उत्तर 2: काकू, माझी हीच शस्त्रक्रिया पंधराव्या वर्षी, ऐन मे महिन्यात झाली. कूस बदलताना गुडघ्यांमध्ये उशी ठेवून खांदे आणि कंबर एकाच वेळी, ओंडका लोटावा तशी वळवायची; मला हे नर्सने शिकवले होते, तरी घरी आल्यावर मी विसरलोच. त्या उकाड्यात कूलरसमोर पडून मी पाणी कमी प्यायलो आणि ट्रॅमाडॉलने बद्धकोष्ठता झाली. कुंथताना पाठीत निघणारी कळ टाक्यांपेक्षा वाईट होती, त्यामुळे पोट साफ होण्याचे औषध आजच विचारून घ्या. आणखी एक: आजी दर पंधरा मिनिटांनी "दुखतंय का रे?" विचारायची आणि माझे सगळे लक्ष पाठीकडेच जायचे. शेवटी सकाळ-संध्याकाळ शून्य ते दहापैकी आकडा सांगायचा, असे आम्ही ठरवले.

प्रश्नकर्ती: स्ट्रिप पाहिली. ट्रॅमाडॉल 37.5 मिलिग्रॅम आणि त्याच गोळीत पॅरासिटामॉल 325 मिलिग्रॅम आहे. दोन्ही गोळ्यांचा हिशेब आणि मुलीचे वजन कागदावर लिहून ठेवले असून आताच सर्जनना फोन लावते आहे.