कॉलेजात सगळ्यांना एकसारखे लॅपटॉप : खरेदीआधी काय बघावं?

सातारकर_मास्तर

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात तालुक्याच्या गावी आमचं सायन्स-कॉमर्स कॉलेज आहे, मी तिथे गणित शिकवतो. येत्या जूनपासून प्रथम वर्षाच्या सगळ्या मुलामुलींना आणि सगळ्या प्राध्यापकांना एकाच मॉडेलचा लॅपटॉप द्यायचा, असं संस्थेने ठरवलंय. निम्मे पैसे माजी विद्यार्थी देणार, निम्मे फीबरोबर हप्त्याने. खरेदी समितीत मी आहे. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं पायथॉनचा प्रोग्रॅम मोबाईलवर अंगठ्याने टाइप करतात आणि लॅबमध्ये एका पीसीवर तिघं बसतात, त्यामुळे ही योजना व्हावी असं मला मनापासून वाटतं. काही सहकारी मात्र म्हणतात, ज्याला जो परवडेल तो त्याने आणावा. डीलरचं कोटेशन आलंय: ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, एक वर्ष वॉरंटी. सगळ्यांना एकच मॉडेल देण्यात खरंच अर्थ आहे का? आणि कोटेशनमध्ये काय तपासू?

लॅबवाले_काका

मास्तर, इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब सांभाळण्यात माझी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अर्थ आहे, आणि तो वर्गात दिसतो. साठ मुलांकडे साठ तऱ्हेची मशीन असली की प्रॅक्टिकलचा पहिला अर्धा तास "सर, माझ्याकडे हा ऑप्शनच येत नाही" यात जातो. मशीन सारखी असली तर एका लॅपटॉपवर सगळं सॉफ्टवेअर नीट बसवायचं, त्याची इमेज, म्हणजे अख्ख्या डिस्कची हुबेहूब प्रत घ्यायची आणि क्लोनझिला या फुकट सॉफ्टवेअरने बाकीच्यांवर उतरवायची. कुणाची एसएसडी गेली तर नवी लावून तीच इमेज टाकायची, पोरगं दुसऱ्या तासाला हजर. याच कारणासाठी प्राध्यापकांनाही तेच मॉडेल द्या. साहेबांना भारी आणि मुलांना साधं, असं केलंत तर वर्गात पडद्यावर दिसेल एक आणि मुलांपुढे भलतंच.

आता कोटेशन. एक वर्षाची वॉरंटी अजिबात घेऊ नका. पदवी तीन वर्षांची आहे, तर वॉरंटीही तीन वर्षांची आणि ऑनसाइट, म्हणजे माणूस कॉलेजात येऊन दुरुस्त करेल अशी हवी. चहा सांडणं, बसमध्ये स्क्रीन फुटणं याचं अपघात संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. बॅटरीला बहुतेक वेळा एकच वर्ष धरतात, तेही लेखी विचारा. ८ जीबी रॅम आज भागेल, पण ती बोर्डावर सोल्डर केलेली असली तर पुढे वाढवता येणार नाही. मोकळा स्लॉट असलेलंच मॉडेल मागा. स्वस्तात जुने नूतनीकरण केलेले लॅपटॉप कुणी सुचवले तर टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप) आणि प्रोसेसरची पिढी बघा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ जुन्या मशीनवर रीतसर चढत नाही. शंभर विद्यार्थ्यांमागे तीन-चार जादा घेऊन ठेवा. दुरुस्तीला गेलेल्या मशीनच्या बदल्यात त्याच दिवशी दुसरं हातात पडलं, तरच मुलं त्याच्या भरवशावर राहतील.

विजेचा हिशोब कुणी करत नाही. चार्जर ६५ वॅटचा धरला तर साठ मुलांनी एकदम लावल्यावर जवळजवळ ४ किलोवॅट होतात. जुन्या इमारतीच्या वर्गाचं वायरिंग पंखे-ट्यूबसाठी केलेलं असतं. म्हणून दिवसभर बॅटरी टिकते का, हे डेमो मशीन वापरून बघा.

शेवटचं मराठीचं. प्राध्यापकांच्या प्रश्नपत्रिका अजून श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये पडून असतील. इमेजमध्येच युनिकोड (कुठल्याही मशीनवर सारखं दिसणारं मराठी) आणि इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड चालू करून द्या आणि जूनआधी दोन दिवस सगळ्यांना टायपिंगला बसवा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये लिनक्स, लिब्रेऑफिस, पायथॉन मराठी आवाजात आहे, ते व्हिडिओही मशीनमध्येच भरा. गावाकडे नेट नसलं तरी चालतील.

कॅरोलिनाकर

मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात असतो. इथल्या विन्स्टन-सेलमच्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने १९९६ साली नव्या विद्यार्थ्यांना आयबीएमचे थिंकपॅड लॅपटॉप द्यायला सुरुवात केली. त्याआधी १९९३ मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या क्रुकस्टन कॅम्पसने तेच केलं होतं. वेक फॉरेस्टमध्ये दोन वर्षांनी मशीन बदलून मिळायचं आणि पदवी घेताना ते विद्यार्थ्याचं व्हायचं. त्यासाठी फी वाढवली होती, हे मात्र लपवू नये. मला तिथलं सर्वांत पटलेलं म्हणजे कॉम्प्युटरमध्ये तयार असलेल्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या मदतीला जोडून देण्याची पद्धत. मास्तर, तुमच्याकडे बीसीएची मुलं असतील तर त्यांना मानधन देऊन हे काम द्या.

जळगावची_पूर्वा

सर, विद्यार्थिनी म्हणून एक सांगते. माझ्या आधीच्या कॉलेजने लॅपटॉप वापरायला दिले होते, पण वडिलांकडून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं होतं की खराब झाला तर पूर्ण किंमत भरू. पप्पा शेतमजुरी करतात. त्यांनी सही केली आणि मला म्हणाले, बाई, घरी आणू नकोस, कपाटातच ठेव. होस्टेलवरच्या आम्ही बऱ्याच जणी तेच करायचो. प्रोजेक्ट असला की बाहेर काढायचा, नाहीतर कुलपात. मशीन चांगलं होतं, पण मला हात बसला तो दुसऱ्या वर्षाच्या शेवटी. तुम्ही पेपर कराल तेव्हा आईवडिलांच्या डोक्यावर काय पडणार आहे ते आधी ठरवा.

सातारकर_मास्तर

पूर्वाताई, तुमचं लिहिणं मी जसंच्या तसं शनिवारच्या बैठकीत वाचून दाखवणार आहे, हरकत नसेल तर. अपघात संरक्षणाचा हप्ता संस्थेनेच भरावा आणि पालकांकडून फक्त मिळाल्याची पावती घ्यावी, असा ठराव मी मांडतो. तिसऱ्या वर्षाची फी भरली की लॅपटॉप त्या मुलाच्या नावावर. काका, डीलरला तीन वर्षांचं नवं कोटेशन मागितलंय आणि रॅमचा स्लॉट बघायला डेमो मशीनही. चोरी झाली तर काय करायचं, हे कुणी लेखी ठरवलं असेल तर त्याचा मसुदा इथे टाकाल का?

लॅबवाले_काका

टाकतो उद्या. अनुक्रमांकाची नोंदवही आणि पोलिसात दिलेल्या तक्रारीची प्रत, एवढ्यावर आमच्याकडे विम्याचं काम व्हायचं. पूर्वा, मास्तरांच्या मुलींना आता दुसऱ्यांदा विचार न करता लॅपटॉप घरी न्या म्हणावं.