घोंगडीचं जॅकेट, पुण्याची ऑफर आणि बिरोबाचा भंडारा. काय करू?

जतची_पोरगी:
नमस्कार मंडळी. मी जत तालुक्यातली, धनगराची. सांगलीत फॅशन डिझायनिंगचा डिप्लोमा केला आणि आता विश्रामबागेत एका बुटिकमध्ये दिवसभर ब्लाउज कापत असते. आमच्या घरात आता वीसेक मेंढरं राहिलीत तीपण माडग्याळी, म्हणजे मटणासाठीच, पण चुलत्याकडं अजून काळी दख्खनी आहेत, वर्षातनं दोनदा कातरतात आणि लोकर बांधावर पडून राहते कारण कातरणाऱ्याची मजुरीसुद्धा निघत नाही. तर मी फायनल प्रोजेक्टला आज्ज्याची जुनी घोंगडी कापून (आई चार दिवस बोलली नाही) एक जॅकेट केलं, इन्स्टावर टाकलं आणि पुण्याच्या एका ब्रँडचा फोन आला. त्यांना आमची कला घेऊन बारा पीसचं धनगरी कलेक्शन करायचंय, पगार आत्ताच्या तिप्पट. पण कापड पानिपतहून येणार, ॲक्रेलिक मिक्स, लांबून घोंगडीसारखं दिसणारं. आणि शूट आरेवाडीला, आमच्या बिरोबा देवाच्या बनात, मॉडेलच्या अंगावर भंडारा उधळून. मी फोनवर हो हो म्हणाले आणि रात्रभर झोपले नाही. आमच्यात चप्पल घालून घोंगडीवर पाय ठेवत नाहीत हो. पण परत असा चान्स येणार नाही हेही कळतंय. आमची कला जगापुढं जाऊ दे, असं मैत्रिणी म्हणतात. घेऊ का?

माणदेशी_माग:
ताई, आधी एक टोचणारं बोलतो, घोंगडीच्या लोकरीवानी. "आमची कला, आमची कला" लिहिलंय, पण लोकर तुमची, विणकाम आमचं. मी म्हसवडचा सणगर, घोंगडी विणणाऱ्यातला. तुमच्या आज्ज्यानं लोकर आमच्यासारख्याच कुणाच्या तरी दारात आणून टाकली असणार, मग बायकांनी ती पिंजली, सूत काढलं, ताण्याला चिंचोक्याची खळ लावली आणि कुणीतरी खड्ड्याच्या मागावर पाय सोडून बसून विणली. राग नाही, पण तुमच्या ब्रँडनं तुमचं नाव लावलं तरी आमचं कुठं येतंय? आमच्या गल्लीत आता मोजके माग राहिलेत आणि माझा पोरगा तर माल भरायला टेम्पो चालवतो. पानिपतचं कापड घ्यायचं असंल तर त्याला घोंगडी म्हणू नका एवढंच, बाकी तुमची नोकरी तुम्ही बघा.

सातारकर_मुंबईत:
मी एका एक्सपोर्ट हाऊसमध्ये मर्चंडायझर आहे, म्हणून धंद्याचं बोलते. ऑफर सोडू नकोस आणि आहे तशी घेऊपण नकोस. बाराच्या बाराला खरी घोंगडी लागत नाही. तसंही दख्खनी लोकर जाडीभरडी, अंगाला चावते, त्यामुळं गळ्याशी आणि बाहीला अस्तर लागणारच, खणाचं लाव (खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, तेही आपलं नाही, पण निदान सांगून लाव). त्यांना म्हण की तीन पीस खऱ्या घोंगडीचे, किंमत चढी, टॅगवर विणणाऱ्याचं नाव आणि गाव, बाकी नऊ साध्या सुती कापडाचे. कॉन्ट्रॅक्टमध्ये "डिझाइनचे सर्व हक्क कंपनीचे" असं असतंच, ते नीट वाच, तुझा पॅटर्न त्यांचा झाला तर पुढच्या वर्षी तुझ्याशिवाय करतील. विणकराला निम्मे पैसे आगाऊ द्यायला लाव. आणि हो, वॉशिंग मशीनमध्ये टाकलं की लोकर आटून नमदा होतो, हे लेबलवर नसलं तर पहिल्या महिन्यात सगळा माल परत.

कोल्हापुरीचं आठवतंय ना? २०१९ ला जीआय (म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क) मिळालं, आठ जिल्ह्यांना, त्यात सांगली साताराही आहेत, तरी २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा ब्रँडनं मिलानला तसल्याच चपला रॅम्पवर आणल्या आणि आपल्याकडं बोंबाबोंब झाल्यावर मग उगम कबूल केला. अमेरिकेत नावाहो या तिथल्या मूळ रहिवासी लोकांनी २०१२ मध्ये अर्बन आउटफिटर्स या कपड्यांच्या कंपनीवर त्यांचं नाव वापरल्याबद्दल केस टाकली, २०१६ ला तडजोड झाली. पण त्यांच्यामागं अख्खं नावाहो नेशन, म्हणजे त्यांचं स्वतःचं सरकार, उभं होतं, तुझ्यामागं कोण आहे? म्हणून आधीच कागदावर घे.

माणदेशी_माग, दादा, तुमच्या पोराचं शिक्षण चालू असेल तर निफ्टमध्ये (सरकारी फॅशन कॉलेज) कारागिरांच्या मुलांसाठी वेगळ्या जागा असतात, कारागिराचं कार्ड काढून ठेवा.

उगाच_आपलं:
मेंढरामागं फिरणाऱ्यांना कुणी विचारत नव्हतं, आता पोरीला तिप्पट पगार मिळतोय तर तुम्ही चिंचोके मोजत बसा. पोट भरल्यावर अस्मिता बघता येते ताई, घे बिनधास्त.

जतची_पोरगी:
@उगाच_आपलं पोट भरायचंच आहे ओ, म्हणून तर विचारलं. आज फोन केला त्यांना. भंडारा आणि बन, नाही म्हणून सांगितलं, वाटलं फोन ठेवतील, पण म्हणाले लोकेशन बदलू, म्हणजे त्यांना बिरोबाचं पडलेलंच नव्हतं, पिवळा रंग हवा होता फक्त. तीन खऱ्या पीसवर अजून घासाघीस चालूय, दोनवर आलेत. कॉन्ट्रॅक्ट मेल करतो म्हणालेत, आल्यावर इथं विचारीन.

माणदेशी_माग दादा, चुकलं माझं, आईला विचारलं तर म्हणाली आपली घोंगडी म्हसवडच्या बाजाराला घेतलेली, विणणाऱ्याचं नाव आज्ज्याला माहीत होतं, आम्हाला नाही. रविवारी येऊ का? चुलत्याकडनं दोन पोती लोकर आणते.

माणदेशी_माग:
या. काळी तेवढी आणा, पांढरी त्यात मिसळू नका, निवडायला बायकांचा दिवस जातो. आणि मागल्या साली कातरलेली असंल तर कसर लागलीय का बघा आधी, तसली घरीच ठेवा.