वेताची तलवार आणि कड्यांचा सदरा: मराठीत काय म्हणावं?

दांडियाबाजारकर: भाचा अमेरिकेत असतो. त्याने लोखंडी कड्यांचा सदरा घातलेला फोटो पाठवला. आईने विचारलं, "हे काय सोंग?" मी म्हटलं, मध्ययुगीन पुनर्मंचन, त्या काळचा पोशाख करून लढाया खेळणं. "म्हणजे नाटक?" नाटक नव्हे. संवाद नाहीत, आणि कोण जिंकणार हे आधी ठरलेलं नसतं. सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अनॅक्रॉनिझम ही त्याची संस्था १९६६ साली बर्कलीत सुरू झाली. लढाईतल्या तलवारी वेताच्या, अंगावरचं लोखंड मात्र खरं. याला मराठी शब्द?

रावपुरा: लुटुपुटूची लढाई. आयता शब्द असताना पुनर्मंचन कशाला?

दांडियाबाजारकर: तोच आधी सुचला होता. पण लुटुपुटूचा राग, लुटुपुटूचं भांडण म्हणजे जे धरायचं नसतं ते. गेल्या महिन्यात भाच्याचा अंगठा सुजून वांगं झाला होता. लुटुपुटूची म्हणवेना.

मांडवीकर: आईंचा ‘सोंग’ काय वाईट आहे? इथे बडोद्यात भवईतल्या, म्हणजे गुजराती लोकनाट्यातल्या, खेळाला ‘वेश’च म्हणतात.

रावपुरा: सोंगात लबाडीचा वास येतो. झोपेचं सोंग, आजारपणाचं सोंग. वेशाला तो येत नाही, पण वेशात मारामारी कुठेय?

जुनाबाड: लढाईचं तुम्ही बघा, सदऱ्याचं मी सांगतो. कड्यांचं चिलखत म्हणजे फारसीत ‘जिरिह’. आपल्या जिरेटोपातलं ‘जिरे’ ते हे. फोडणीच्या जिऱ्याशी नातं नाही. हिंदीत जिरह-बख्तर, आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे नुसतं बख्तर. मराठीत चिलखत म्हटलं की सगळं आलं. मिरवणुकीतल्या कापडी जिरेटोपात कडी औषधालाही नसते, नाव तेवढं उरलंय. (कोर्टातली हिंदी ‘जिरह’ अरबी, ती वेगळी.)

दांडियाबाजारकर: वा! आता क्रियापद सांगा. भाचा सदरा करताना दोन पकडी घेऊन एकेक कडी उघडतो, शेजारच्या चार कड्यांतून घालतो आणि दाबून मिटतो. हे ओवणं, विणणं की गुंफणं?

जुनाबाड: ओवायला दोरा लागतो. विणण्यात धागा सलग असतो. कड्या सुट्या, एकमेकींत अडकवलेल्या. गुंफणं.

दांडियाबाजारकर: पटलं. पण आईने "विणतोच की, माझ्यासारखा" असा निकाल दिलाय. घरात आता तेच चालणार.

मांडवीकर: अहो, फरीगदका कसा विसरलो आपण? फरी म्हणजे छोटी ढाल, गदका म्हणजे चामड्याने मढवलेली काठी. आखाड्यात तलवारीचे हात याच्यावरच गिरवायचे. जुम्मादादा व्यायाममंदिराच्या गावात राहून लाज आहे! वेताच्या तलवारीला गदकाच म्हणा.

रावपुरा: हत्यार मिळालं. छंदाचं नाव?

मांडवीकर: ‘फरीगदका खेळतो’ म्हणा. खेळणं आलं, मार आला, लबाडी नाही.

दांडियाबाजारकर: आईला पसंत. काल शेजारच्या बेनना तिने फोटो दाखवून "फरीगदका खेळतो" असं ठसक्यात सांगितलं. त्यांनी काठ्या निरखून पाहिल्या आणि म्हणाल्या, "अच्छा, दांडिया रमे छे!"