शेपटी तीच, मुक्काम वेगळा
भाऊ, पेशीत कॅल्शियम वाढलं की चेतापेशींतली कॅल्शियम ओळखणारी ही सगळी प्रथिनं पटलाकडे, म्हणजे पेशीतल्या पातळ आवरणाकडे, धावतात, असं तुम्ही वर लिहिलंय. डोळ्याच्या पडद्यातल्या रिकव्हरिनपुरतं ते अगदी खरं. त्याच्या टोकाच्या ग्लायसिनला जोडलेली १४ कार्बनची मिरिस्टिक या मेदाम्लाची शेपटी एरवी प्रथिनाच्या पोटात दडलेली असते. कॅल्शियमचे २ आयन बसले की बाहेर येऊन पटलात रुतते. मेंदूतल्या हिप्पोकॅल्सिनचंही तसंच. पण त्याच कुळातल्या एनसीएस-१ची (न्यूरोनल कॅल्शियम सेन्सर-१) शेपटी कॅल्शियम कमी असतानाही बाहेरच! म्हणून ते आधीपासूनच गॉल्जीच्या (पेशीत प्रथिनांची बांधाबांध करून ती पाठवणाऱ्या भागाच्या) पटलावर सापडतं. मला तर यातलं सर्वांत विलक्षण हे वाटतं, की कोणत्या पटलाशी जमायचं ते ठरवण्यात शेपटीलगतच्या अमिनो आम्लांचाही हात असतो. इथे जळगावात बी.एस्सी.च्या वर्गात मी रिकव्हरिन आणि एनसीएस-१ फळ्यावर शेजारी-शेजारीच काढतो. तुम्हीही धुळ्यात तसं करून बघा.